एक प्रत, वैयक्तिक वापरासाठी

गावी परत येताना मी दोन गोष्टी धरून चालले होते. एक, आमच्याकडे गोष्टीचा खेळ खेळायला माणसं मिळणार नाहीत. दोन, खेळाचं पुस्तक छापून घेण्यात काहीच अडचण येणार नाही. प्रत्यक्षात माणसं पहिल्याच रविवारी मिळाली, आणि पुस्तकाच्या छपाईचा घोळ वर्षभर चालला.

त्या वर्षाचे किस्से आता एवढे झालेत की आमच्या पडवीत खेळायला कुणी नवीन आलं की एखादा सांगावाच लागतो. एक सांगितला की त्याच्या मागे दुसरा उभाच असतो. किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. माणसं येतात, बसतात, जाताना त्यांचं काहीतरी मागे राहतं. कुणाची छत्री राहते, कुणाचा किस्सा.

आधी खेळ काय आहे ते सांगते. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. पात्राने काय करायचं ते खेळणारा ठरवतो, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. आमचं पुस्तक एका बेटावरच्या दीपगृहाबद्दल आहे. चार राखणदार, भोवती धुकं, आणि समुद्रातून येणाऱ्या हाका.

हे पुस्तक फियोनाने लिहिलं. स्कॉटलंडमध्ये शिकत असताना आम्ही दोघी एका घरात भाड्याने राहत होतो. तीन हिवाळे ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहीत होती. पुस्तक फक्त इंटरनेटवरच्या एका दुकानात फाइलच्या रूपात मिळायचं. ओळखीची माणसं तिला सहज म्हणायची, "फाइल पाठव ना." ती हसून पाठवायची, आणि मग एकच कप बराच वेळ विसळत उभी राहायची. ते पाहून मी शेजारच्या खोलीत बसून तिचं पुस्तक विकत घेतलं. दुसऱ्या पानावर तिने लिहिलंय, विकत घेणाऱ्याने वैयक्तिक वापरासाठी एक प्रत छापायला हरकत नाही.

पुढे ते दुकानच बंद झालं. नवी आवृत्ती कधी येईल हे तिलाही सांगता येत नाही. म्हणजे आता ते पुस्तक कुणाला विकतही घेता येत नाही. आमच्या चटईभोवती चार माणसं आणि प्रत एकच. दुसरी काढू द्यायची नाही हा माझा हट्ट. फियोनाला विचारायचंही नाही. विचारलं तर ती हो म्हणेल, म्हणूनच.

*

छापायला मी म्हसळ्याला नझीरभाईंकडे गेले. तहसील कचेरीसमोर त्यांचं झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. अशा विकत घेतलेल्या फाइलमध्ये प्रत्येक पानाच्या तळाशी घेणाऱ्याचं पूर्ण नाव बारीक अक्षरात छापलेलं असतं. ती पसरू नये म्हणून केलेली सोय.

नझीरभाईंनी दहा पानं बाहेर येऊ दिली. तळाशी माझं नाव, पुढच्या पानाच्या तळाशी माझं नाव. ते उठून उभे राहिले. म्हणाले, "माशाल्ला ऋजुता बेटी, एवढं इंग्लिश लिहिलंस!"

मी खुलासा करेपर्यंत दुकानातल्या तिघांनी ऐकलं होतं. मी एसटीने घरी पोचले तर आईला दोन फोन येऊन गेले होते. मुलीचं पुस्तक आलं, पेढे कुठे आहेत?

"मी नाही लिहिलं," मी म्हटलं. "विकत घेतलंय."

"मग नाव तुझं का?"

"दुसऱ्या कुणाकडे जाऊ नये म्हणून."

आई सुपाऱ्या निवडत होती. हातातली सुपारी तिने उलटसुलट करून पाहिली. "आपण भांड्यांवर नावं घालतो ती भांडी शेजारी जातात म्हणूनच ना? घरातच राहणार असतील तर नाव कशाला घालायचं?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. इंग्रजीत होतं.

*

त्या पुस्तकात प्रत्येक प्रकरण सुरू होताना एक पूर्ण काळं पान आहे. काळा समुद्र, वर पांढरी अक्षरं, मध्ये दीपगृहाचा उजेड. नझीरभाईंचा फोन आला. "बेटी, ही रात्र आहे का मशीन बिघडलं?"

"रात्र आहे."

"अशा सहा रात्री आहेत. माझा टोनर पहाट बघणार नाही."

काहीतरी करून हलकं करा, असं मी सांगितलं. त्यांनी कुठलीशी सेटिंग बदलली. काळं गेलं आणि त्याच्याबरोबर पांढरी अक्षरंही गेली. सहा पानं पूर्ण कोरी आली, तळाशी फक्त माझं नाव.

रविवारी ती पानं दाखवताना मला फार वाईट वाटत होतं. आमची सुपारी म्हसळ्याला नेणारे टेम्पोवाले गणपतदादा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी कोरं पान हातात धरून नीट पाहिलं.

"बेटावर धुकं हाय ना?" ते म्हणाले. "मंग बरोबर हाय."

*

खेळाच्या सुरुवातीला प्रत्येकाने आपल्या पात्राचा तक्ता भरायचा असतो. नाव, वय, कशाची भीती वाटते, कुणापासून काय लपवलंय, असं बरंच. आमच्या गल्लीतले जोगकाका तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी तक्ता सर्वांत आधी, सर्वांत सुंदर अक्षरात भरून दिला.

भीती: निरंक. गुपित: निरंक. शत्रू: लागू नाही. बेटावर येण्याचे कारण: बदली.

"काका, भीती काहीच नाही?" मी विचारलं.

"रकाना मोकळा सोडायचा नसतो," काका म्हणाले. "म्हणून निरंक. नाहीतर मागाहून कुणीही काहीही भरतं."

गणपतदादा म्हणाले, "ह्याला दीपगृहावं ठेवू नका. ह्याला पेन्शनीवं घाला."

गंमत म्हणजे पुढच्या चार महिन्यांत त्या राखणदाराचीच गोष्ट सर्वांत जास्त रंगली. एका रविवारी खेळात समुद्रातून हाक आली. तेव्हा काकांनी तक्ता पुढे ओढला, 'भीती'समोरचा निरंक एका रेघेने खोडला आणि बाजूला सही केली. पण त्या जागी काय लिहिलं ते कुणालाच दाखवलं नाही.

*

काकांची सही पाहून मला कळलं की तक्ते खोडून-लिहून फाटायला आलेत. हे तक्ते फियोनाने मुद्दाम वेगळे दिलेत, घेणाऱ्याने हवे तितके छापावेत म्हणून. मी नझीरभाईंना चार नवे कोरे काढायला सांगितले आणि ते गणपतदादांच्या टेम्पोतून आले. चारही लॅमिनेट करून.

मी फोन केला. नझीरभाई म्हणाले, "तुमच्याकडे खारी हवा. कागद महिन्यात पापड होतो. आता नातवंडं खेळतील त्यावर."

"पण भाई, त्यावर पेन्सिलीने लिहायचं असतं. जखम झाली की लिहायची, बरी झाली की खोडायची."

भाईंनी विचारलं, "जखमा कशाला करता मग?"

यावर तोडगा सुलभाताईंनी काढला. त्या आरोग्य उपकेंद्रात नर्स आहेत. त्यांनी पर्समधून जांभळा मार्कर काढला. पोलिओचा डोस दिल्यावर पोरांच्या करंगळीला खूण करतात, तो. प्लास्टिकवर झकास उमटला. त्याच दिवशी फासे उलटे पडले, जोगकाकांचा राखणदार जिन्यावरून घसरला आणि त्याचा डावा पाय मोडला. सुलभाताईंनी व्यवस्थित नोंद केली.

दोन रविवारांनी पाय बरा झाला. काका रुमालाने पुसत बसले. मग ओल्या रुमालाने. मग खोबरेल तेलाने.

"आमच्या खात्याची खूण आहे काका," सुलभाताई म्हणाल्या. "ती पोरांनी पुसू नये म्हणूनच असते."

तो राखणदार आजतागायत लंगडतो. काकांनी त्याला काठी मंजूर करून घेतलीय.

*

आता जरा अवघड भागाकडे येते.

पुस्तक एक आणि वाचणारे चार, म्हणून मी पाळी लावून दिली होती. एक आठवडा सुलभाताई, एक आठवडा काका, मग गणपतदादा. पुस्तकाची शिवण सुटायला लागली. ज्याच्याकडे नसेल तो फोन करून नियम विचारायचा. सुलभाताईंनी एकदा लसीकरण चालू असताना फोन उचलून मला सांगितलं होतं, "थांब, एक मांडी टोचते आणि तुझं धुक्याचं बघते."

शेवटी त्यांनीच विषय काढला. "नझीरभाईंकडून चार प्रती काढून घेऊ. संपलं."

मी दुसरं पान उघडून वाचून दाखवलं. वैयक्तिक वापरासाठी, एक प्रत. मग फियोनाबद्दल सांगितलं. मग, मला आठवतंय, मी बरंच बोलले. लिहिणाऱ्याच्या कष्टांबद्दल, आपल्याकडे सगळं फुकटात मिळावं असं वाटतं त्याबद्दल, कुणी बघत नसताना पाळलेल्या शब्दाबद्दल. मला ते सगळं आजही पटतं. फक्त तेव्हा मी उभी राहून बोलत होते आणि ती माणसं चटईवर बसलेली होती.

जोगकाकांनी हात वर केला. "वैयक्तिक म्हणजे कोण? व्याख्या दिलेली आहे का?"

"मी, काका. फक्त मी."

"कुटुंब धरत नाहीत?"

"घरातलं कुणी वाचलं तर चालेल बहुतेक."

"म्हणजे रेशनकार्डावर जेवढी नावं, तेवढे वैयक्तिक."

"मग माझं नाव घाल तुमच्या कार्डावर," सुलभाताई म्हणाल्या. सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांना बदलीची ऑर्डर आली होती, पालीला. सव्वा महिन्यात जायचं होतं. तिथल्या क्वार्टरमध्ये दुसऱ्या नर्सेसना घेऊन हाच खेळ बसवायचा, असं त्यांच्या मनात होतं. "नोकरीत आल्यापासून ही माझी सहावी बदली," त्या म्हणाल्या. "दर वेळी रिकाम्या हाताने जाते आणि पहिले सहा महिने भिंतीशी बोलते. या वेळी काहीतरी घेऊन जायचंय."

मी म्हटलं, "मी तुमच्यासाठी दुसरा एखादा खेळ विकत घेऊन देते."

"मला दुसरा नकोय," सुलभाताई म्हणाल्या.

*

पुढच्या आठवड्यात पुस्तक काकांकडे होतं. रविवारी ते दोन पुस्तकं घेऊन आले. एक माझं. दुसरं झेरॉक्स, हिरव्या टॅगने बांधलेलं. प्रत्येक पानावर उजव्या कोपऱ्यात निळा शिक्का, 'सत्यप्रत', आणि खाली काकांची सही. एकशे चाळीस पानं, एकशे चाळीस सह्या. कोऱ्या आलेल्या सहा धुक्यांवरसुद्धा.

"सुलभासाठी," काका म्हणाले. "नुसती झेरॉक्स बेकायदा. तुझा मुद्दा मला पटला. म्हणून मी साक्षांकित केली."

नझीरभाईंना काय सांगितलं, असं मी विचारलं. तर ऋजुताचं काम आहे एवढंच सांगितलं होतं. नाव पानोपानी होतंच.

मी चिडले. मी काकांना त्यांच्या वयाचा मान न ठेवता विचारलं, "चाळीस वर्षं कचेरीत होतात ना? दुसऱ्याच्या वस्तूवर स्वतःचा शिक्का मारला की ती खरी होते, हे तिथे शिकवतात?"

काकांनी चष्मा काढला. "सत्यप्रत म्हणजे ही माझी आहे असं नव्हे," ते हळू म्हणाले. "मूळ मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि यात काही बदललेलं नाही, याची मी हमी देतो. एवढाच अर्थ असतो त्याचा. मी प्रत्येक पान ताडून पाहिलं. पाच दिवस लागले."

ती प्रत त्यांनी माझ्यासमोर ठेवली आणि निघून गेले. मी ती घराच्या माळ्यावर टाकली. फाडवली नाही माझ्याने.

पुढचा रविवार काका आले नाहीत. त्याच्या पुढचाही. गणपतदादांची पाळी होती, पण त्यांनी पुस्तकही परत आणलं नाही. टेम्पोत राहिलं, लांबच्या भाड्याला गेलो होतो, उद्या आणतो, असं फोनवर सांगत राहिले. चौथ्या रविवारी पडवीत सुलभाताई आणि मी दोघीच होतो. मी पुस्तक नीट सांभाळलं होतं. खेळ बंद पडला होता.

एकदा बाजारात गणपतदादा दिसले. मी सरळ विचारलं, "दादा, तुम्ही पण झेरॉक्स काढताय का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला तोंड लपवावंसं वाटलं. "न्हाय बाय," एवढंच म्हणाले, आणि टेम्पो चालू केला.

*

सुलभाताई जायच्या आधीच्या रविवारी दुपारी दोघे एकत्र आले. पुढे गणपतदादा, मागे जोगकाका. दादांनी धुतलेला शर्ट घातला होता. हातात पिशवी.

चटईवर बसून त्यांनी पिशवीतून आधी माझं पुस्तक काढलं. सुटलेली शिवण कुणीतरी जाड दोऱ्याने परत शिवलेली. मग एक नारळ काढला. मग पानात ठेवलेली सुपारी. आणि मग दोनशे पानी वही, खाकी कव्हर घातलेली. वही त्यांनी उघडली नाही. नारळाशेजारी ठेवली.

जोगकाकांनी सांगितलं तेव्हा मला कळलं की गणपतदादा जाखडीचे, म्हणजे त्या नाचाची गाणी बांधणारे, शाहीर आहेत. वर्षभर माझ्याशेजारी बसून खेळले होते, आणि हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

"आमच्यात अशी रीत हाय," ते म्हणाले. "गुरूची गाणी वहीत असतात. ती वही झेरॉक्स करायची न्हाय. फोटो काढायचा न्हाय. चेल्यानं बसून आपल्या हातानं लिवून घ्यायची. चाळीस गाणी तर चाळीस. लिवतालिवता जो कंटाळून उठला, त्याची ती गाणी न्हायत."

"पण पुस्तक इंग्रजीत आहे," मी म्हटलं.

जोगकाका घसा खाकरून म्हणाले, "मी मराठीत सांगत गेलो, तो लिहीत गेला. एक अक्षर पदरचं घातलेलं नाही. जिथे मला समजलं नाही तिथे 'समजले नाही' असं लिहिलंय."

"एकोणीस जागी हाय," गणपतदादा म्हणाले.

"सतरा," काका म्हणाले.

सुलभाताईंनी वहीकडे हात नेला. दादांनी वहीवर तळवा ठेवला. "थांब ताय. अजून इचारलं न्हाय."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिवलं हाय, पन उघडलं न्हाय कुणाफुडं. तू हो म्हणशील तर उघडू. न्हाय म्हणशील तर नारळ फोडून खाऊ, आन् वही तुझ्या घरात ठेव. राग न्हाय."

"हे मी ठरवू शकत नाही, दादा. पुस्तक माझं नाहीये."

"ठावं हाय," ते म्हणाले, आणि फक्त पहिलं पान माझ्याकडे करून धरलं.

वर गणपतीला वंदन होतं. त्याखाली, जाड निळ्या शाईत, काळजीपूर्वक काढलेली अक्षरं: 'गुरू फियोना, मुक्काम स्कॉटलंड, तीन हिवाळे बसून बांधिले.' त्याखाली: 'तिजपासून ऋजुताने आणिले.' त्याखाली: 'जोगकाकांनी सांगितले.' आणि सर्वांत शेवटी, लहान: 'गणपतने लिविले. चूक असेल ती त्याची.'

सुलभाताई पदराने चष्मा पुसत होत्या. मी म्हटलं, "मला उद्यापर्यंत वेळ द्या."

"घे की," गणपतदादा म्हणाले. "आमास्नी महिना लागला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन पहिल्या एसटीने म्हसळ्याला गेले. नझीरभाई नुकतंच शटर वर करत होते. वही पाहून त्यांनी मशीनचं बटण दाबलं आणि विचारलं, "किती प्रती काढू, बेटी?"

"प्रत नको, भाई. हे पहिलं पान तेवढं स्कॅन करा. मला ते मूळ लिहिणारीला पाठवून एक गोष्ट विचारायचीय, नाही म्हणायची मोकळीक ठेवून." मी वही काचेवर पालथी ठेवली. "आणि ती हो म्हणाली तर ही वही पालीला जाईल, म्हणून इथल्यासाठी एक कोरी वही देऊन ठेवा. दोनशे पानी."

"लिहिणार कोण?"

"मी," मी म्हटलं.